मंगळवारची बँक

जूचंद्र
१७ नोव्हेंबर २०२४

रोशनी,

आशीर्वाद लिहिते आहे, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

पत्ता विघ्नेशने दिला. "आई, सरळ फोन कर ना ताईला," म्हणाला. पण तू 'हॅलो' म्हणालीस की मी फोन ठेवून देणार, आणि तुला वाटणार कुणाचा तरी चुकून लागलाय. सहा वर्षांनी बोलायचं तर आधी थोडं लिहून बघावं, असं ठरवलं.

बातमी ही की मी नोकरीला लागले. हसू नकोस. एव्हरशाईन सिटीत एक इंग्रजी शाळा आहे, तिथल्या बालवाडीत जूनपासून मी मावशी आहे. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, कुणी झोपलं तर खांद्यावर टाकून फाटकापर्यंत न्यायचं. एकोणसाठाव्या वर्षी हे काय, असं गावात सगळ्या विचारतात. आपल्या शेतावर आता सात मजले उभे आहेत. खिडकीतून ते मोजत बसणं मला जमेना.

दिवाळीनंतर शाळेने नियम काढला की मावश्यांनी मुलांशी इंग्रजीतच बोलायचं. जानेवारीत तोंडी परीक्षा. जिला जमणार नाही तिला वर्गातून काढून खाली फरशी पुसायला पाठवणार. फरशीचं मला काही नाही ग, पण पोरं सुटतील.

म्हणून दर शनिवारी दोन तास आमची शिकवणी असते. अश्लेषा मॅडम शिकवतात. तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पण आम्ही चुकलो की आधी स्वतःच 'सॉरी' म्हणते. पहिला धडा 'डेली रूटीन'. रोज सकाळपासून काय काय करता ते सांगायचं. आय वेक अप ॲट फाइव्ह ओ'क्लॉक. आय मेक टी. आय मेक भाकरी. भाकरीला भाकरीच म्हणा, असं मॅडम म्हणाल्या, तेवढं एक वाक्य मी न अडखळता बोलले.

पण एक गंमत झाली. आपल्याकडे आईला आय म्हणतात ना? मला पहिला अर्धा तास वाटत होतं, मॅडम आईचीच गोष्ट सांगताहेत. आय उठते, आय चहा करते, आय डबा भरते. म्हटलं बरोबर आहे, आणखी कोण करणार! नंतर कळलं, 'आय' म्हणजे मी. पिंकी म्हणून विरारची एक मुलगी माझ्या शेजारी बसते, तिला हे सांगितलं तर ती बाकावर डोकं ठेवून हसत होती.

तुझे बाबा बरे आहेत. तुझं नाव घरात निघत नाही. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

तू तर इंग्रजीची बाई. माझ्या चुका दिसल्या तर हसून सोडून दे.

आई


जूचंद्र
८ डिसेंबर २०२४

रोशनी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते. पोस्टमन आपल्या गल्लीत किती वाजता येतो ते मला उगाच माहीत झालंय, एवढंच.

शिकवणीत आता अवघड भाग आला आहे. स्वतःबद्दल बोलताना साधं बोलायचं, पण दुसऱ्या एकाबद्दल बोललं की शब्दाला 'स'ची शेपूट लागते. तो, ती, नवरा, सासू, कुणीही असो. मॅडम सांगून थकल्या. मला वाटतं, बाईमाणूस दुसऱ्याबद्दल बोलायला लागलं की शेपूट लागतेच, त्यात शिकवायचं काय? पण तोंडात बसत नाही.

गृहपाठ दिला होता, घरातल्या एका माणसाचा दिवस लिहा. मी तुझ्या बाबांचा लिहिला. तुला उतरवून पाठवते:

माय हसबंड वेक अप ॲट सिक्स. ही ड्रिंक टी. ही रीड न्यूजपेपर. ऑन ट्यूसडे ॲण्ड फ्रायडे माय हसबंड गो टू बँक. ही कम होम ॲट फोर.

वर्गात वाचून दाखवलं तर मॅडमनी विचारलं, "एव्हरी ट्यूसडे?"

"येस मॅडम."

"ॲण्ड एव्हरी फ्रायडे?"

"येस मॅडम."

पिंकी शेजारून म्हणाली, "काय हो मावशी, काका तिथे मॅनेजर आहेत का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण येताना रिक्षात विचार करत होते. ते बँकेत जातात असं दोन वर्षं मला सांगतात आणि मी दोन वर्षं ऐकते. पेन्शन नाही की काही नाही, बँकेत आठवड्यातून दोनदा काय असतं? पुरुषांना बसायला जागा लागते, तिथे पंखा असतो, चार ओळखीचे भेटतात, अशी मी समजूत घातली.

माझ्या वर्गात एक साडेतीन वर्षांची आहे. दुपारी माझी साडी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. तिची आई न्यायला आली की मूठ सोडवावी लागते. तुला मुलगी आहे असं लग्नाकार्यात कानावर आलं. नाव विचारायचा हक्क मला नाही. पण तिला झोपताना काय लागतं, तेवढं कधी लिहिशील का?

आई


जूचंद्र
२२ डिसेंबर २०२४

रोशनी, माझे बाय,

तुझं पाकीट बुधवारी आलं. उघडलं तर आत माझंच पत्र! दुसरं पान तेवढं परत पाठवलंयस. वाटलं, नको म्हणून परत केलंस. मग चष्मा लावून बघितलं. लाल शाईने सगळ्या शेपट्या लावल्यायस. वेक्स अप. ड्रिंक्स. रीड्स. गोज. कम्स. न्यूजपेपरच्या आधी एक 'द' घातलायस. बाकी पानावर एक अक्षर नाही, माझ्या प्रश्नाचं उत्तरही नाही.

मी ते पान शाळेत नेलं. पिंकीला दाखवलं, मॅडमना दाखवलं. "कोणी तपासलं?" मॅडमनी विचारलं. "ओळखीची आहे एक बाई," म्हटलं. त्याबद्दल नंतर सांगेन.

आता दुसरी गोष्ट. शुक्रवारी बाबांचा सदरा धुवायला घेतला. बाहीवर तपकिरी डाग होते. साबण लावला, लिंबू लावलं, हलेनात. रोशनी, मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले आणि शेतकऱ्याच्या घरात आले. केळीचा चीक मला कळतो. कापड फाटेल, पण तो जात नाही.

ते खाटेवर पेपर वाचत होते. मी ओला सदरा त्यांच्यापुढे धरला.

"बँकेत केळीचे घड कोन कापतो?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "हंसा, आधी बस."

"उभी बरी आहे मी."

"आलोशियस पडला," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. कंबरेचं हाड मोडलं. स्टीवन पहाटे कामाला जातो, रोशनीची शाळा. वाडीला पानी कोन देनार? केळी उभ्या सुकत होत्या."

"व्याह्यांनी तुम्हाला बोलावलं?"

"कोनी नाय बोलावलं. विघ्नेशनं सांगितलं, मी गेलो. कुदळ कुठं हाय ते विचारलं, कामाला लागलो."

म्हणजे विघ्नेशलाही माहीत. तुला तर माहीतच. तू 'गो'चं 'गोज' केलंस आणि 'बँक' तशीच ठेवलीस! मला फार राग आला. घरातल्या भिंतींनाही ठाऊक आणि मी एकटी शहाणी दर मंगळवारी त्यांना विचारते, 'पासबुक घेतलंत का?'

"मला का नाय सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?"

मी सदरा पुन्हा बादलीत टाकला. थोड्या वेळाने ते मोरीच्या दारात आले आणि आपणहून म्हणाले, "संजना नाव हाय. चार वर्सांची. बारकं फावडं घेऊन माझ्याबरोबर पाट फोडते. कोनाचं ऐकत नाय."

संजना. मी कपडे धुता धुता मोठ्याने म्हणून बघितलं.

नाताळ आला. तुमच्या घरी गोडधोड झालं असेल. मंगळवारी त्यांच्याबरोबर रव्याच्या करंज्या देते. डब्यावर माझं नाव नाही, खाल्लं तरी चालेल.

आई


जूचंद्र
१२ जानेवारी २०२५

रोशनी,

करंज्यांचा डबा रिकामा आणि घासलेला आला. आलोशियसनी चार खाल्ल्या असं बाबा म्हणाले. तू खाल्लीस का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आज मला दोन खोट्या गोष्टी खोडायच्या आहेत. पहिल्या पत्रात लिहिलं की तुझं नाव घरात निघत नाही, बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. बाबांचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा बरा माहीत आहे. नाव निघत नव्हतं ते माझ्यामुळे.

तो गणपतीचा दुसरा दिवस होता. स्टीवनशी लग्न करून तू पहिल्यांदाच घरी आलीस, हिरव्या साडीत दारात उभी. स्टीवनच्या हातात नारळ आणि मोठा हार, तुमच्याच वाडीतल्या फुलांचा असेल. मी दारात मोठी रांगोळी घातली होती, आणि ती मोडू नये म्हणून तू पाय वाकडा करून एका बाजूला उभी होतीस. तुझं ते उभं राहणं मला दिसलं होतं. तरी मी म्हटलं, "घरात देव बसलाय. ह्यांना चालणार नाही. तुम्ही जा."

'ह्यांना' म्हटलं मी. ते आत होते. हातातलं आरतीचं ताट खाली ठेवून तुला आत घ्यायला उठले होते. मी दार लावलं तेव्हा ते माझ्यामागे येऊन पोचले होते. मी मग सगळ्या गावाला, सगळ्या नातेवाइकांना हेच सांगत राहिले, हे फार रागावलेत, ह्यांच्यापुढे माझं काय चालतं? ते समोर बसून ऐकून घेत. माझा राग सहा वर्षं त्या माणसाने स्वतःच्या नावावर वागवला. आणि तो राग तरी होता का? ओसरीवर माझ्या दोन नणंदा बसल्या होत्या, त्या काय म्हणतील ही भीती होती. देवाला त्यात मीच ओढलं.

हे बाबांनी तुला सांगितलं असेल, नसेलही. ते सांगणाऱ्यातले नाहीत. पण माझ्या तोंडून तुला कळायला हवं होतं, तेही सहा वर्षांपूर्वी.

दुसरं खोटं शिकवणीतलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मुलं किती? मी म्हटलं, "आय हॅव वन सन." परक्या भाषेत खोटं फार सोपं जातं, चार तर शब्द. त्यांनी फळ्यावर प्रत्येकीचं घर काढलं, माझ्या घरात एकच गोल काढला. दोन महिने मी तेच म्हणत होते.

काल परीक्षा झाली. मोठ्या मॅडम, अश्लेषा मॅडम आणि आणखी एक सर. मी सकाळ धडाधड म्हणून दाखवली. आय वेक अप, आय मेक टी, आय गो टू स्कूल. मग मोठ्या मॅडमनी विचारलं, "टेल अस अबाउट युअर फॅमिली."

"माय हसबंड वर्क्स इन अ बनाना वाडी," मी म्हटलं. "आय हॅव वन डॉटर ॲण्ड वन सन."

अश्लेषा मॅडमनी कागदावरून मान वर केली.

"व्हॉट डझ युअर डॉटर डू?"

"शी टीचेस इंग्लिश. शी लिव्ह्ज इन नंदाखाल. शी हॅज वन डॉटर." सगळ्या शेपट्या लागल्या, रोशनी. एक चुकली नाही.

मोठ्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी आपला साधा पुढचा प्रश्न विचारला, "हाऊ ऑफन डू यू मीट हर?"

त्याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं आहे. ऑल्वेज, समटाइम्स, नेव्हर, यातलं एक निवडायचं. मला शब्द येत होता. तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रडू आलं. तीन शिकलेल्या माणसांपुढे मी पदर तोंडाला लावून रडले. सरांनी पाणी दिलं. अश्लेषा मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "लाल पेनवाली बाई तीच ना?"

पास केलं त्यांनी. वर्ग माझ्याकडेच राहिला.

विघ्नेशला हे सगळं सांगितलं. त्याने तुला विचारलं म्हणे, आई बाबांबरोबर आली तर? तू म्हणालीस, "मी बोलवणार नाही. यायचं तर येऊ दे." मी ते वाक्य दोन दिवस उलटसुलट करून बघते आहे. आधी त्यात 'बोलवणार नाही' एवढंच ऐकू येत होतं.

आई


जूचंद्र
२९ जानेवारी २०२५

रोशनी,

कालच भेटलो आणि आज पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू शाळेतून येईपर्यंत काय काय झालं ते तुला माहीत नाही. आणि तू आल्यावर मी काहीच बोलले नाही, ते माझ्यापाशी राहिलं आहे.

मी शाळेत रजा टाकली होती. सकाळी नऊला आम्ही पोचलो. आलोशियस वॉकर धरून ओट्यावर उभे होते. "या विहीनबाय," म्हणाले. "चहा ठेवलाय. सा वर्सं ठेवलाय, जरा कडू झाला असंल." मला हसावं की मान खाली घालावी कळेना. त्यांनीच खुर्ची पुढे ढकलली.

बाबा सदरा काढून वाडीत गेले. मी त्यांना तसं चालताना कितीतरी वर्षांनी बघितलं. आपलं शेत गेल्यापासून हा माणूस पाय ओढत चालतो. तिथे केळींमधून ते झपझप गेले, रोशनी, जसे आपल्या बांधावरून जायचे.

संजना बारकं फावडं घेऊन आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"तू कोण?"

आजी म्हणायला माझी जीभ वळेना. ते तू सांगायचं, मी कोण सांगणार? मी म्हटलं, "मी हंसा."

"हंसा, चप्पल काढ," ती म्हणाली. "इथून पाणी येणार आहे."

मी चप्पल काढली. सगळी सकाळ ती मला हंसा म्हणत होती. हंसा, हे धर. हंसा, माती टाक. हंसा, तिकडे नको, तिथे मुंग्या आहेत. साठीला आलेली मी चिखलात उभी राहून चार वर्षांच्या पोरीचे हुकूम ऐकत होते आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. मग दमली आणि पंप चालू होता त्या खोलीच्या सावलीत माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. तिने काही धरलं नाही. हात पसरून झोपते ती, ऐसपैस. डिसेंबरपासून मी हे विचारत होते.

दीड वाजता तुझी स्कूटर आली.

तू पर्स ठेवलीस, हात धुतलेस, संजनाला उचलून आत नेऊन झोपवलंस, आणि मग बाहेर येऊन बोलायला लागलीस. बरं केलंस. मी पाठ करून आले होते काय काय सांगायचं ते. नणंदांचं, गावाचं, माझ्या भीतीचं. तू म्हणालीस, "माझ्या डोहाळजेवणाला तुझी खुर्ची मांडली होती. रिकामी ठेवली होती मी, वेड्यासारखी." तू म्हणालीस, "मी बाळंत झाले तेव्हा मला पेज कोणी करून दिली माहीत आहे? स्टीवनच्या पप्पांनी. बायको गेलेल्या माणसाने, शेजारणीला विचारून विचारून." आलोशियसनी आत रेडिओ मोठा केला, पोर उठू नये म्हणून. का तुझा आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून, कोण जाणे. बाबा वाडीतून वर आले, तुझं तोंड बघितलं आणि पुन्हा पाण्याकडे गेले.

मला पाठ केलेलं एकही वाक्य बोलावंसं वाटलं नाही. त्या खुर्चीपुढे ती सगळी फुकट होती. मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं. त्यांचं काही नव्हतं, माझंच होतं."

"माहीत आहे मला," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "आई, आता जा. आज मला एवढंच जमेल."

मी निघाले. बाबांचं अर्धं पाणी राहिलं होतं, त्यांना म्हटलं तुम्ही मागून या. स्टॉपवर बाकावर येऊन बसले. पायाला चिखल वाळला होता. मला वाईट वाटत नव्हतं, रोशनी, हे तुला सांगायचं होतं. तू मला जे बोललीस ते आईलाच बोलतात. परक्या बाईला माणूस चहा देतं आणि घड्याळ बघतं. 'आज' एवढंच जमेल म्हणालीस, तो 'आज' शब्द मी धरून बसले होते.

मग तुझी स्कूटर आली आणि माझ्यासमोर थांबली. तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

"बस आत्ताच गेली," तू म्हणालीस. "पुढची तासाने आहे. मागे बस, विरारला सोडते."

मी बसले. हात कुठे ठेवावा ते मला कळेना. तुझ्या खांद्यावर ठेवायचा धीर नव्हता, म्हणून मागची दांडी धरली. नंदाखालच्या वळणावर पहिला खड्डा आला, मी उडाले. तू स्कूटर हळू केलीस आणि पुढेच बघत म्हणालीस, "मला घट्ट धर ग. रस्ता खराब आहे."

मी दोन्ही हातांनी तुझ्या कमरेला मिठी घातली. तू अजून तेवढीच बारीक आहेस. पुढे रस्ता चांगला होता, नवा डांबरी, एक खड्डा नाही. तू 'सोड' म्हणाली नाहीस, मीही सोडलं नाही.

आई